प्रारब्ध, पुरुषार्थ आणि परक्याचे दुःख

घरातील कोणी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले, की भेटीस येणाऱ्यांपैकी एखादा तरी 'भोग आहेत, भोगूनच संपवायचे' असे म्हणून जातो. बोलणाऱ्याच्या मनात सांत्वनच असते. ऐकणाऱ्याला मात्र त्यात आरोप जाणवतो. मागल्या जन्मी आपल्या हातून असे काय घडले, ही टोचणी दुखण्याच्या भारात भर घालते. कर्मसिद्धान्त खरोखर हेच सांगतो काय, हे त्यामुळे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो, की मृत्यूनंतर देहाचे घटक पंचमहाभूतांत मिसळून गेल्यावर मनुष्य कोठे राहतो? याज्ञवल्क्य भरसभेत उत्तर देत नाहीत. आर्तभागाला घेऊन ते एकान्तात जातात. तेथे ते दोघे कर्माविषयीच बोलले, असे उपनिषद सांगते. पुण्यकर्माने मनुष्य पुण्यवान होतो आणि पापकर्माने पापी, हे त्या संवादाचे सार. मनुष्य आपल्या कृतींनी घडत जातो, एवढाच येथे भर आहे. पुढे मनुस्मृतीसारख्या ग्रंथांत अमुक पापाला अमुक व्याधी अशा याद्याही आल्या आणि लोकमानसात त्याच अधिक रुजल्या.

वेदान्तात कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सामान्यतः सांगितले जातात. त्यासाठी धनुर्धराचा दृष्टान्त रूढ आहे. भात्यातील बाण म्हणजे संचित, सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध आणि हाती घेतलेला बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेला बाण परतवता येत नाही. हातातला कोठे सोडायचा, हे मात्र ठरवता येते.

लोकमान्य टिळकांनी या प्रश्नाचा विचार 'गीतारहस्या'तील 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' या प्रकरणात केला आहे. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तेथे हा ग्रंथ लिहिला. तो १९१५ साली प्रसिद्ध झाला. टिळक तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. कर्माची साखळी कितीही बळकट असली, तरी ज्ञान मिळवून श्रेयाकडे वळण्याचे स्वातंत्र्य आत्म्याला आहे, असे प्रतिपादन त्यांनी या प्रकरणात केले. बंदिवासात लिहिलेल्या या विवेचनात दैवापुढे हात टेकण्याला स्थान नाही.

बौद्ध परंपरेने दुःखाच्या कारणांची मांडणी अधिक स्पष्ट केली. संयुक्त निकायातील एका सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की सारी सुखदुःखे पूर्वकर्मानेच होतात काय? पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इतरांनी केलेला आघात अशी आठ कारणे बुद्ध सांगतात. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. दारिद्र्य आणि हीन अवस्था गतजन्मीच्या कर्मावर ढकलल्या, की समाज व राज्यसंस्था जबाबदारीतून सहज मोकळी होतात, असा रोकडा आक्षेप त्यांनी त्यात घेतला. जन्मावरून शतकानुशतके अवमान सोसलेल्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जगण्याचा होता.

मद्यधुंद चालकाने रस्त्यावरील एखाद्या पादचाऱ्याला उडवले, असे समजू. जखमीचे प्रारब्ध काहीही असो, चालकाचे कर्म त्यामुळे निर्दोष होत नाही. 'त्याचे नशीब' म्हणून पुढे निघून जाणारा वाटसरूही त्या क्षणी स्वतःचे क्रियमाणच रचत असतो. जखमीचे संचित त्याला दिसत नाही. त्याचे रक्त मात्र समोर दिसते.

कर्माचा विचार प्रत्येकाने स्वतःपुरता लावला, तर तो माणसाला सावध करतो आणि झाल्या चुकीनंतरही सुधारण्यास वाव देतो. तोच दुसऱ्याच्या दुःखावर लावला, की करुणा आटते. गीतेने मनुष्याचा अधिकार कर्मापुरता सांगितला आहे. परक्याच्या कर्मफळाचा निवाडा त्या अधिकारात बसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ घटकाभर बसून त्याला पाण्याचा पेला देणे तेवढे बसते.