हापशाचा दांडा काढा, कॉलरा पळवा!

1854. लंडनचं सोहो. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याने दहा दिवसांत पाचशेहून जास्त बळी घेतले. बड्या डॉक्टरांचा संशय दुर्गंधीवर, डॉ. जॉन स्नोचा मात्र पाण्यावर. पठ्ठ्याने नकाशा काढला, त्यावर दर मृत्यूमागे एक काळी रेघ. रेघांची सगळ्यात मोठी गर्दी कुठे? ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाभोवती!

माहीत आहे का? लोकांनी ते पाणी पिऊ नये म्हणून 8 सप्टेंबरला हापशाचा दांडा निघाला, तेव्हा तो जगप्रसिद्ध नकाशा लोकांसमोर आलाच नव्हता. तो आला डिसेंबरमध्ये! शिवाय साथही आधीच ओसरू लागली होती. हिरोची एन्ट्री जरा लेटच म्हणायची.

खरी गंमत नकाशावरच्या रिकाम्या जागांत आहे. हापशाजवळच बिअरचा कारखाना. सत्तरहून जास्त कामगार, पण कॉलऱ्याने एकही दगावला नाही. कारण? फुकटची बिअर मिळत असताना पाणी पितंय कोण! चिअर्स!

आता उलटी केस. हॅम्पस्टेडच्या एका बाई सोहोपासून कित्येक किलोमीटर लांब राहायच्या. पण चव आवडते म्हणून याच हापशाच्या पाण्याची भली मोठी बाटली रोज गाडीतून मागवायच्या. चक्क होम डिलिव्हरी! त्या कॉलऱ्याने गेल्या. भेटायला आलेली भाची तेच पाणी प्यायली, इस्लिंग्टनला घरी परतली आणि तीही गेली. त्या दोन्ही वस्त्यांत तेव्हा कॉलराच नव्हता. माझ्या मते स्नोचा सगळ्यात तगडा पुरावा हाच.

पुढच्या नकाशात त्याने आणखी एक रेघ ओढली: कुठल्या घराला चालत जाऊन कुठला हापसा जवळ? सरळ अंतर नाही, गल्लीबोळांतून! आज हेच काम नकाशांचं जीआयएस सॉफ्टवेअर एका क्लिकवर करतं.

माहीत आहे का? याच स्नोने 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं होतं. दारूपासून चार हात लांब राहणाऱ्या या डॉक्टरच्या नावाने आज हापशाच्या त्याच रस्त्यावर काय आहे? पब!

नकाशाची हीच युक्ती, आता थेट आफ्रिकेत! 1961 मध्ये डेनिस बर्किट हा सर्जन जुनी गाडी घेऊन सुमारे 16,000 किलोमीटर फिरला. मुलांच्या जबड्याला होणारा एक कॅन्सर कुठे दिसतो आणि कुठे नाही, हे नकाशावर मांडत गेला. पट्टा उमटला तो उष्ण, पावसाळी प्रदेशांचा, म्हणजे मलेरियाच्याच इलाक्याचा. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचं भाषण ऐकून अँथनी एप्स्टीनने या कॅन्सरच्या गाठींत विषाणू शोधायला घेतला आणि 1964 मध्ये तो सापडलाही: एप्स्टीन-बार, माणसाच्या कॅन्सरशी नातं सांगणारा पहिला विषाणू!