राधिकाच्या नवऱ्याची रक्ततपासणी

तुमसर तालुक्याच्या टोकाला बावनथडीच्या काठी बपेरा आहे. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. काही वर्षांपूर्वी तिथे बीपी-शुगर तपासणीच्या शिबिराला गेलो होतो. रोवणी आटोपली होती, त्यामुळे बायकांची गर्दी बरी होती. रांगेत बसलेल्यांचं कशावरून तरी जोरात भांडण चाललं होतं. "त्याले घरात घ्याचंच नाई!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मंग लेकराचं कसं करन ते?" मला वाटलं, शेजारचं काही प्रकरण असावं. सिस्टर हसून म्हणाल्या, "साहेब, राधिकाचं चाललंय."

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका 2016 ते 2021 झी मराठीवर चालली. नागपूरकडची, आपल्या बोलीत बोलणारी राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याची मैत्रीण शनाया. (आमच्याकडच्या बायकांचा एक आक्षेप होता, की राधिकाची बोली वऱ्हाडी, झाडीची नव्हे. पण पुण्या-मुंबईच्या बोलीपेक्षा ती जवळची होती, एवढं मान्य.) नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे कळल्यावर ती आधी त्याला परत आणायला धडपडते, मग त्याला धडा शिकवायला निघते, पुढे मसाल्यांचा धंदा उभा करते, घटस्फोट घेते आणि शेवटी सौमित्रशी लग्न करते. मालिका चार वर्षांहून जास्त काळ चालली.

पडद्यावरच्या माणसाशी असं घरचं नातं जडणं यात वेडेपणा काही नाही. हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 सालीच मानसोपचाराच्या एका नियतकालिकात यावर लिहिलं होतं. रोज ठरल्या वेळी घरात येणाऱ्या चेहऱ्याला आपलं मन ओळखीचं माणूस समजतं, मग ते माणूस आपल्याला ओळखत नसलं तरी. मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने याचा जाणीवपूर्वक उपयोग केला. 1975 मध्ये त्याने प्रौढ साक्षरतेवर मालिका काढली, 1977 मध्ये कुटुंबनियोजनावर. त्याचं गणित असं, की प्रेक्षक देवमाणसाकडून शिकत नाही आणि खलनायकाकडूनही नाही. जे पात्र डळमळतं, चुकतं आणि हळूहळू बदलतं, त्याच्याकडून तो शिकतो. त्या हिशेबाने राधिका बरोबर मधल्या जागेवर होती.

पण मालिका काय सांगते आणि बघणारा काय घेऊन जातो, यात अंतर असतं. साबिदोच्याच धर्तीवर 1984-85 मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली. त्यातली भागवंती ही सगळं निमूट सोसणारी आई, बायकांनी असं राहू नये हे दाखवण्यासाठी रचलेली होती. पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की बऱ्याच जणांनी तिलाच आदर्श मानलं होतं. राधिकाच्या बाबतीतही मी तेच पाहिलं. काही जणींनी तिचा धंदा उचलला, तर काही जणींनी तिची वाट पाहणं. माझ्या ओपीडीत डोकेदुखी, धडधड, झोप नाही म्हणून येणाऱ्या बायकांना "घरी काही त्रास आहे का?" विचारलं, तर उत्तर एकच, "नाई, सारं बरं हाये." अनोळखी पुरुष डॉक्टरला त्या का सांगतील? मग मी विचारू लागलो, "राधिकानं काय करावं, तुला काय वाटते?" यावर मात्र त्या बोलत. पाच मिनिटांत राधिका बाजूला पडे आणि स्वतःची गोष्ट सुरू होई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे 29 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. माझ्या केसपेपरवर त्यातलं क्वचितच काही येतं, तिथे 'डोकेदुखी' एवढंच असतं.

मालिकेवर माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एवढे एपिसोड झाले, एवढी रडारड झाली, पण नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे म्हटल्यावर आपण रक्त तपासून घ्यावं, असं राधिकाला कुणी सांगितलं नाही. कोणत्याच मालिकेतल्या बाईला सांगत नाहीत. तिथे प्रश्न फक्त मान-अपमानाचा असतो. माझ्यासमोर तो एचआयव्हीचा, सिफिलिसचा, कावीळ 'बी'चा असतो.

एका बाईची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, म्हणून ती तीनदा आली. गोळ्यांनी बरं वाटे आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच. (अशी प्रत्येक तक्रार नवऱ्यामुळेच असते असं नाही. साधं बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, वाढलेली साखर असू शकते. तपासल्याशिवाय कुणावर संशय घेऊ नये.) तिसऱ्या वेळी राधिकाचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "त्या शनायाचेच झिंजे उपटाले पाहिजे." गुरुनाथबद्दल अवाक्षर नाही. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, तिथे कुणीतरी आहे, हे मग निघालं.

लैंगिक संबंधातून येणाऱ्या आजारात एकट्या बाईला औषध देणं म्हणजे फुटक्या बांधीत पाणी भरणं. नवऱ्याने उपचार घेतले नाहीत तर आजार पुन्हा परतून येतो. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये म्हणूनच जोडीदाराचीही औषधं मोफत मिळतात. एचआयव्हीची तपासणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, आपल्या सवयीच्या भाषेत आयसीटीसीत, मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. आज निगेटिव्ह आलं तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण नुकताच झालेला संसर्ग पहिल्या तपासणीत दिसेलच असं नाही. आणि घरी मारहाण होत असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. मनावर ताण असह्य झाला तर 14416 वर टेली-मानसला फोन करता येतो.

तिची पहिली तपासणी निगेटिव्ह आली. नवऱ्याला घेऊन ये म्हटलं, तर म्हणाली, "तो काई येत नाई साहेब." पण चौथ्या खेपेला तो आला. आला म्हणजे गेटबाहेरच्या चहाटपरीपर्यंत. आमचे समुपदेशक स्वतः तिथे गेले, त्याच्यासोबत चहा प्यायले आणि अर्ध्या तासाने त्याला आत घेऊन आले. त्याने रक्त दिलं, औषधाचं पाकीट खिशात टाकलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "आता तीन महिन्यानं कोन्त्या तारखेला याचं?"