पाच मिनिटांची तालीम

इस्पितळात एखाद्या रोग्याचे हृदय अकस्मात थांबले, तर तत्काळ छाती दाबू लागावे आणि ॲड्रेनॅलिनची १ मिलिग्रॅमची मात्रा शिरेतून द्यावी, हा संजीवनाचा सर्वमान्य शिरस्ता. परंतु ज्याची उरोस्थी आदल्याच दिवशी चिरून पोलादी तारांनी पुन्हा सांधलेली आहे, अशा रोग्यावर तो जसाच्या तसा चालवला, तर दाबाने ताजी शिवण दुखावण्याचा, आणि हृदय पुन्हा चालू होताच त्या औषधाने रक्तदाब भडकून रक्तस्राव ओढवण्याचा संभव असतो. हे ओळखून इंग्लंडातील मिडल्सब्रोचे शल्यविशारद जोएल डनिंग आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली युरोपीय हृदय-वक्ष शल्यविशारदांच्या संघटनेकरिता निराळा क्रम लावून दिला. पुढे २०१७ साली अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संस्थेनेही तशाच स्वरूपाची तजवीज केली.

हृदय नुसते थरथरत असेल, तर एका मिनिटाच्या आत शक्य असल्यास छाती दाबण्याआधीच विजेचे तीन झटके लागोपाठ द्यावयाचे. ते निश्चल असेल, तर शस्त्रक्रियेच्या वेळी ठेवलेल्या तारांमधून पेसमेकरने त्यास चालना द्यावयाची. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर पाच मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडावयाची. हे शेवटचे फर्मान ऐकणाऱ्यास अघोरी वाटेल, पण त्यामागचा कार्यकारणभाव सरळ आहे: हृदयाभोवती रक्त साकळून त्याची कोंडी झाली असेल, तर हृदयात रक्त भरतच नाही, आणि जे भरत नाही ते बाहेरून कितीही दाबले तरी त्यातून काय निघणार? शिवाय हा उपाय वाटतो तितका नवा नाही. १९६० साली बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाहेरून दाब देण्याची रीत प्रसिद्ध करीपर्यंत, छाती उघडून हृदय हाताने चोळणे हाच इस्पितळांतला रिवाज होता.

ज्ञान पुस्तकात असले, तरी मध्यरात्री पाळीवर असलेल्या परिचारिकेच्या हातात ते कसे उतरावे, हा खरा प्रश्न. ‘तालीम’ हा शब्द मराठीने आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला सारखाच लावला आहे, आणि येथे त्याचे दोन्ही अर्थ लागू पडतात. छाती दाबणारा, श्वसनमार्ग सांभाळणारा, झटके देणारा, औषधे पाहणारा, सर्वांवर हुकमत चालवणारा नायक आणि बाहेरचा बंदोबस्त ठेवणारा, अशा सहा भूमिका नेमून पुतळ्यावर हा प्रसंग पुनःपुन्हा वठवला जातो. छाती उघडण्याची पेटीही मुद्दाम लहान, मोजक्या हत्यारांची ठेवतात, कारण शंभर हत्यारांच्या तबकात तार कापण्याची पक्कड शोधण्यातच वेळ जातो. माझ्या मते या शिक्षणाचा सर्वांत धाडसी भाग असा, की शल्यविशारद येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची सबब ते कोणालाच ठेवत नाही. हृदय थांबल्याची हाक उठताच दोघे-तिघे निर्जंतुक झगे आणि हातमोजे चढवू लागतात, आणि त्यापूर्वी हात धुण्यातसुद्धा वेळ घालवू नये, असे नियमातच स्पष्ट नमूद आहे.