टक्सचा कोन

शिवणकामाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. मापे नीट घेऊन, पुस्तकातल्या खाक्याप्रमाणे ब्लाउज बेतला, तरी एखादीला तो छातीवर ताणतो, हुकांच्या मधे फटी पडतात आणि पुढची खालची कड वर चढते. आम्हीही प्रथम सगळे करतात तेच केले. बाजूच्या शिवणी उसवून माया सोडली. ताण थोडा कमी झाला. पण मुंढ्यापाशी आणि कंबरेला ब्लाउज ढगळ झाला, वर चढलेली कड मात्र तिथेच राहिली. असे का व्हावे?

कागद घेऊन पाहू. 10 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ कापा. कडेपासून केंद्रापर्यंत एक काप द्या आणि 30 अंशांची पाचर झाकली जाईल एवढ्या त्याच्या कडा एकमेकींवर सरकवा. सपाट कागदाचा शंकू झाला. त्याची उंची सुमारे 4 सेंमी भरेल. पाचर 60 अंशांची केली तर उंची साडेपाच सेंमी, दुप्पट नव्हे. (का, ते पायथागोरसचे प्रमेय शिकलेल्या मुलांना काढायला सांगावे.) काप वर्तुळाच्या कोणत्या बाजूने दिला, याने मात्र उंचीत काहीच फरक पडत नाही.

ब्लाउजचा टक्स म्हणजे हीच पाचर. तो कंबरेकडून घ्या, बाजूने घ्या किंवा मुंढ्याकडून. उभार ठरतो तो कोनावरून. 10 सेंमी लांब टक्सचे तोंड 2.5 सेंमी असेल तर कोन सुमारे 14 अंश होतो. 5 सेंमी लांब टक्सला तोच कोन 1.25 सेंमी तोंडात मिळतो. टक्स हलवताना मुली तोंडाचे माप जसेच्या तसे उचलतात आणि फसतात, कारण टेपने तोंड मोजले जाते, कोन नाही.

बाजूची शिवण सोडून आम्ही रुंदी वाढवली होती, कोन नव्हे. उभारावरून खाली येणारी लांबीही कमी पडत होती, म्हणून कड वर चढत होती.

आता दुरुस्ती खाक्यातच करू. समजा छातीत एकूण 4 सेंमी हवे आहेत. खाका अर्ध्या पुढच्या भागाचा असतो, म्हणून त्यात 2 सेंमी वाढवायचे. कंबरेच्या टक्सच्या मधोमध उभाराच्या बिंदूपर्यंत कापा, तिथून वळून मुंढ्याकडे जा. मुंढ्याची कड तेवढी तोडू नका. कागद तिथे बिजागरीसारखा फिरला पाहिजे. दुसरा काप बाजूच्या शिवणीपासून त्याच बिंदूकडे द्या आणि बिंदूपाशी थोडा कागद जोडलेला ठेवा. मग उभा काप 2 सेंमी फाकवा. बिंदूच्या खाली त्याच्या दोन्ही कडा समांतर ठेवा. बाजूचा काप आपोआप उघडतो! तोच नवा, बाजूचा टक्स. मधली पट्टी खाली अपुरी पडेल, तेवढा कागद जोडा. कंबरेच्या टक्सचे तोंड 2.5 चे 4.5 सेंमी करा, म्हणजे कंबर होती तेवढीच राहते. टक्सची टोके बिंदूच्या दीड-दोन सेंमी अलीकडेच थांबवावीत. माणसाचे शरीर काही टोकदार शंकू नसते.

गोलाईचे पृष्ठ न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही, हे गाउसच्या 1827 सालच्या कामातून सिद्ध झाले. कागदाला हा नियम काटेकोर लागतो. कापड थोडी पळवाट काढते, कारण ते उभ्या-आडव्या धाग्यांचे जाळे असते आणि त्या धाग्यांमधला कोन बदलू शकतो. म्हणून तर उरेब कापड अंगासरशी बसते. रशियन गणिती चेबिशेव याने 1878 साली पॅरिसमध्ये कपड्यांच्या बेतण्यावर व्याख्यान दिले, ते याच जाळ्याच्या कल्पनेवर.

नवा खाका आम्ही आधी मांजरपाटावर कापून घालून पाहिला. पुढची कड कंबरेशी सरळ आली. मुंढ्याला एक लहान चुणी राहिली, ती टाचणीने घेऊन खाक्यावर उतरवली. मगच चांगल्या कापडाला कात्री लावली.

वर्गासाठी एक प्रश्न. प्रिन्सेस कटच्या ब्लाउजला टक्सच दिसत नाही. मग तो कोन गेला कुठे? एखादा जुना ब्लाउज उसवून, त्याचे तुकडे टेबलावर शेजारी-शेजारी मांडून पाहा.