विहिरीची रिंग आणि चार जीव

ऑगस्ट 2023 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगेचं, म्हणजे आतल्या काँक्रीटच्या गोल भिंतीचं, काम चालू असताना काँक्रीट आणि मातीचा कडा खाली आला. बेलवाडीचे चार मजूर त्याखाली गाडले गेले. एनडीआरएफचं पथक, पोकलेन सगळं आलं, पण मृतदेह हाती यायला काही दिवस लागले.

बारामती-इंदापूर पट्ट्यात काही विहिरी आता शंभर फुटांपुढे जातात. वरचा थर मातीचा, मुरमाचा. पाणी मुरलं की तो सुटतो. उकरलेला ढीग काठालाच टाकला किंवा क्रेन तिथंच उभी केली, तर सगळा भार त्याच कड्यावर येतो. म्हणून कड्याला उतार किती द्यायचा, ढीग किती लांब टाकायचा, रिंग कोणत्या टप्प्यांत ओतायची, हे मजूर खाली उतरण्याआधी ठरायला हवं. ब्रिटनमध्ये 1995 पासून ही जबाबदारी मालक आणि आराखडा करणाऱ्यावरही आहे. आपला 1996 चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. शेतातल्या विहिरीवर एवढी माणसं क्वचितच असतात. माझ्या मते तिथं शेतमालकानंच ठेकेदाराला हे प्रश्न विचारले पाहिजेत, आणि पावसाळ्यात काम थांबवलं पाहिजे.