व्हिडिओ गेमचे संगीत : चाल कोणाची, हक्क कोणाचा?

व्हिडिओ गेम म्हटला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मुलांचा अभ्यास बुडतो, ही तक्रार खरीच आहे. परंतु हे खेळ कोणीतरी तयार करतो, त्यातील चित्रे कोणीतरी काढतो आणि मागे सतत वाजणारे संगीतही कोणीतरी बांधतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. हे संगीत बांधण्याचे काम आज अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धन येथे घरी बसून साध्या संगणकावर करता येते. आपल्या समाजाला गायनपार्ट्यांची परंपरा आहे. ढोलकी, बेंजो, कीबोर्ड वाजवणारी मुले वस्तीवस्तीत आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी या विषयाची थोडक्यात माहिती देत आहे.

खेळाचे संगीत वेगळे कसे?

गाण्याला सुरुवात असते, शेवट असतो. खेळाचे तसे नाही. खेळणारा एका ठिकाणी दहा सेकंद थांबेल किंवा अर्धा तास अडकून पडेल. त्यामुळे संगीत असे बांधावे लागते की ते संपले हे कळू नये आणि पुन्हा सुरू झाले हेही कळू नये. याला लूप म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर आवर्तन पूर्ण करून अचूक समेवर येणे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर आठ मात्रांच्या केरव्याचे एक आवर्तन चार सेकंदांत होते. सोळा आवर्तनांचा तुकडा ६४ सेकंदांचा होतो. शेवटची मात्रा व पहिली सम यांच्यात किंचितही पोकळी राहिली तर ती दर ६४ सेकंदांनी कानाला टोचते. एमपी३ प्रकारच्या फाइलमध्ये सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता शिरते, म्हणून लूपसाठी वेव्ह किंवा ऑग प्रकारची फाइल देतात. सीडीच्या दर्जाची एक मिनिटाची वेव्ह फाइल सुमारे दहा एमबीची होते, ऑगमध्ये तीच सुमारे एक एमबीत बसते.

१९७८ साली जपानमध्ये आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात उतरत्या क्रमाचे अवघे चार स्वर होते. शत्रू कमी होत जातील तशी त्यांची लय वाढत जाई आणि खेळणाऱ्याची धडधडही वाढे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत कोजी कोंडो यांनी बांधले. त्या यंत्रात ध्वनीच्या पाचच वाटा होत्या आणि संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत बांधलेली ती चाल आज जगभर गुणगुणली जाते. १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ यंत्रावर आलेल्या ‘टेट्रिस’मध्ये तर ‘कोरोबेयनिकी’ या रशियन लोकगीताचीच चाल घेतली होती.

पुढे प्रसंगाप्रमाणे बदलणारे संगीत आले. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’ या खेळात एका जागेचे संगीत न तुटता दुसऱ्या जागेच्या संगीतात मिसळत असे. आता संगीतकार एकाच चालीचे थर वेगवेगळे देतो : फक्त सूर, सुरावर ठेका, त्यावर ढोल. खेळणारा चालत असताना सूर वाजतो, संकट आले की ढोल चढतो. गाण्याला रंग कधी चढवायचा हे गायनपार्टीतील ढोलकीवाल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. येथे तेच काम आधीच करून ठेवायचे असते.

स्वतंत्र खेळ

मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय एकट्याने किंवा दोन-चार जणांनी केलेल्या खेळाला स्वतंत्र खेळ म्हणतात. दाइसुके अमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ एकट्याने केला, त्याचे संगीतही स्वतः बांधले आणि २००४ मध्ये तो विनामूल्य वाटला. ‘अंडरटेल’ (२०१५) मध्ये टोबी फॉक्स यांनी व ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) मध्ये एरिक बॅरोन यांनी खेळाबरोबर संगीतही स्वतःच केले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याचे आहे. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारित खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरीही चिकाटीने तो खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे संगीत लिनोस त्झेलिओस या ग्रीक संगीतकाराने दिले. पुण्यातील खेळाला ग्रीसचा संगीतकार चालतो, तर परदेशातील खेळाला मुरूडचा का चालू नये? अंतर आता आड येत नाही. मात्र आपले संगीत त्यांच्या कानावर पडले पाहिजे.

त्यासाठी साधनेही हाताशी आहेत. ‘एलएमएमएस’ हे चाली बांधण्याचे व ‘ऑडॅसिटी’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. बंदरावरील मचव्याचे इंजिन, भरतीची लाट, सुपारीच्या बागेतील रहाटाचा आवाज मोबाइलवर टिपता येतो. ‘इच डॉट आयओ’ (२०१३ पासून) या ठिकाणी स्वतंत्र खेळ व त्यांना लागणारे संगीत ठेवता येते. ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून भरते. तेथे अनोळखी माणसे एकत्र येऊन थोड्याच अवधीत खेळ उभा करतात. अशा ठिकाणी संगीत देणाऱ्याची नेहमीच गरज असते.

चाल देताना

येथेच खरा प्रश्न येतो. नवीन मुलगा हौसेने चाल देतो. पुढे खेळ विकला जातो आणि चालीचा धनी कोण, यावर कोणाचीच सही नसते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. चाल बांधली की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पुराव्याला मात्र उपयोगी पडते. हा हक्क संगीतकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. म्हणून त्यांचे गीत खेळात घालायचे तर वारसांची परवानगी हवी. पारंपरिक खालूबाजाची चाल कोणा एकाची नसते, पण कोणी केलेले तिचे ध्वनिमुद्रण त्याचे असते. चाल घ्यावी, वाजवावी मात्र स्वतः.

बँकेत आम्ही खरेदीखत व भाडेकरार वेगळे ओळखतो. संगीताचेही तसेच आहे. हक्क कायमचा सोपवणे हे खरेदीखत, वापरण्यास परवाना देणे हा भाडेकरार. हक्क सोपवायचा तर सहीचा लेख लागतो. तोंडी चालत नाही. लेखात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. परंतु “कायमचे, साऱ्या जगासाठी” असे छापलेल्या कागदावर आपण सही केली, तर हे संरक्षण तेथेच संपते. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखला आहे. ती तरतूद चित्रपट व ध्वनिमुद्रणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. खेळाच्या बाबतीत तिच्या भरवशावर न राहता वाटा करारातच लिहून घ्यावा.

विनामूल्य द्यायचे असेल तर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने आहेत. एकात फक्त नाव देण्याची अट असते. दुसऱ्यात त्याच अटीवर पुढे देण्याचे बंधन असते. तिसऱ्यात व्यापारी वापराला मनाई असते, त्यामुळे दहा रुपयांना खेळ विकणाराही ते संगीत घेऊ शकत नाही. बदलास मनाई करणारा परवाना तर खेळाला उपयोगाचाच नाही, कारण हलत्या चित्राशी संगीत जुळवणे हाच बदल धरला जातो. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही.

देण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी कागदावर किंवा निदान ई-मेलमध्ये असाव्यात :

१) कोणती चाल, किती लांबीची.
२) कोणत्या खेळासाठी, किती काळ.
३) मोबदला किती; विक्री झाल्यास वाटा किती.
४) तीच चाल आपण स्वतंत्रपणे प्रसिद्ध करू शकतो की नाही.
५) खेळाच्या नामावलीत आपले नाव कसे येईल.

पाचवा मुद्दा किरकोळ समजू नये. आपल्या शाहिरांची शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची रीत आहे. वामनदादांचे गीत कोणीही, कुठेही गायले तरी अखेरीस ‘वामन’ येतोच. कॅसेटवर नाव छापलेले असो वा नसो, गीतकार गीतातच उभा असतो. चाल बांधणाऱ्याला मात्र ही सोय नव्हती. कित्येक चाली गावोगाव गेल्या आणि त्या प्रथम कोणाच्या पेटीवर बसल्या हे आज कोणालाच सांगता येत नाही. खेळाच्या संगीताला तर बहुधा शब्दच नसतात. तेथे शेवटचे कडवे नाही, म्हणून नाव कागदावर घालावे लागते. हक्क सोपवल्यानंतरही आपण कर्ता आहोत असे सांगण्याचा अधिकार कायद्याने कलम ५७ मध्ये राखला आहे. तो वापरणे आपल्या हाती आहे.

पालकांनी मुलाच्या हातातील मोबाइल जरूर काढून घ्यावा, पण त्याआधी तो त्यावर खेळतो आहे की चाल बांधतो आहे, एवढे पाहावे. चाल बांधत असेल तर शेजारी बसून ती ऐकावी. पुढे कोणी ती मागायला आला, तर सही करण्यापूर्वी घरातील जाणत्या माणसाने तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.