सोंग माशाचे, शिकार माशाची



गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नदीकाठी तासन्‌तास बसणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. वासाने मासा येतो, आमिष गिळतो आणि अडकतो. यात नवल काही नाही. पण ज्याला वास नाही, चव नाही, जे मुळात खाण्याजोगेच नाही, अशा मूठभर नायलॉनच्या धाग्यांवर हातभर लांबीचा शिकारी मासा झडप घालतो, असे सांगितले तर? ही कला काय आहे ते आज पाहू या. आणि ते पाहताना, ‘पकडलेला मासा सोडून दिला की झाले, त्याचे काही बिघडत नाही’ हा जो समज आहे, तोही जरा तपासून घेऊ.

या कलेला इंग्रजीत ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. पाण्यावर पडणाऱ्या किड्यामाशीची नक्कल गळावर बांधायची, अशी तिची जुनी रीत. पण मोठा शिकारी मासा माशीवर पोट भरत नाही. तो लहान मासे खातो. म्हणून त्याच्यासाठी गळावर लहान माशाचीच नक्कल बांधतात. तिला ‘स्ट्रीमर’ म्हणतात. नाव माशीचे, सोंग माशाचे!

हे सोंग अंगाने अगदी हलके असते. मग ते साठ-सत्तर फुटांवर फेकायचे कसे? गोफण आणि आसूड डोळ्यांपुढे आणा. गोफणीत वजन धोंड्याचे असते, म्हणून धोंडा लांब जातो. आसुडाच्या टोकाला काही नसते. तिथे वादीच आपल्या वजनाने उलगडत जाते. स्ट्रीमर फेकण्याची रीत आसुडाची आहे. दोरीवर प्लॅस्टिकचा जाड थर दिलेला असतो, तेच तिचे वजन. काठीने ती आधी मागे फेकायची, मागे सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. दोरीच्या पुढच्या टोकाला बारीक, पाण्यात न दिसणारा तुकडा जोडतात आणि त्याला स्ट्रीमर बांधतात.

आता या सोंगाचे एक गाजलेले घर पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची खाडी आहे. लांबी सुमारे ३२० किलोमीटर. तिच्या काठी मेरीलँड आणि व्हर्जिनिया ही राज्ये आहेत. या खाडीत ‘स्ट्राइप्ड बास’ नावाचा मासा येतो. रुपेरी अंग आणि त्यावर शेपटीपर्यंत गेलेले सात-आठ काळे पट्टे. आपण त्याला पट्टेरी बास म्हणू. आपल्याकडचा हिलसा जसा समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो, तसाच हाही वसंत ऋतूत गोड्या पाण्यात चढतो. याचे खाणे म्हणजे आपल्या तारलीच्या आणि मांदेलीच्या कुळातले लहान मासे.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेफ्टी क्रे नावाच्या मेरीलँडच्या माणसाने याच माशासाठी एक स्ट्रीमर बांधला. लेफ्टी म्हणजे डावखुरा. त्याच्या स्ट्रीमरचे नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे फसव्या. कोंबड्याची लांब पिसे मागे शेपटीसारखी आणि हरणाच्या शेपटीचे केस पुढे गळ्यापाशी, अशी ती बांधणी. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या फसव्याचे चित्र तिकिटावर छापले.

पुढे पिसांच्या आणि केसांच्या जोडीला कृत्रिम धागे आले. का आले, हे समजून घ्या. ओले पीस आणि ओले केस पाणी धरून बसतात, जड होतात, फेकताना हात भरून येतो. कृत्रिम धागा पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. एका झटक्यात पाणी झडते. पिसाची लांबी कोंबडा ठरवतो, धाग्याची लांबी आपण ठरवतो. शिवाय दातांपुढे पीस लवकर फाटते, धागा टिकतो. पण धाग्यात उणेही आहे. पीस संथ पाण्यातसुद्धा आपोआप हलते, जिवंत वाटते. ताठ धागा तसा हलत नाही. म्हणून जाणता माणूस धागे विरळ बांधतो, कात्रीने माशाच्या आकाराचे कापतो आणि मधूनमधून चमकत्या पट्ट्या घालतो.

आता खरा प्रश्न. मासा फसतो कशाला? शिकारी मासा सावजाचे खवले मोजत बसत नाही. तो चार-दोन खुणा ओळखतो. पहिली खूण रंगाची. बहुतेक लहान माशांची पाठ गडद आणि पोट पांढरे असते. वरून पाहिले तर पाठ खालच्या काळोखात मिसळते, खालून पाहिले तर पोट आकाशाच्या उजेडात मिसळते. सोंगही तसेच रंगवतात. दुसरी खूण डोळ्याची, म्हणून सोंगाला ठळक डोळा लावतात. तिसरी खूण हालचालीची. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते. तिच्यातून त्याला पाण्याचा जवळचा हेलकावा कळतो, अगदी गढूळ पाण्यातसुद्धा. दोरी हाताने वीतवीत ओढायची, मध्येच थांबायचे, पुन्हा ओढायची. घायाळ मासा असाच धडपडतो आणि थांबतो. झडप पुष्कळदा त्या थांबण्याच्या क्षणीच पडते.

या थांबण्याचा उपयोग बॉब क्लाउझर याने फार चांगला केला. पेन्सिल्व्हेनियातली सस्क्वेहाना नदी चेसापीक खाडीलाच येऊन मिळते. त्या नदीवर १९८० नंतरच्या दशकात त्याने स्ट्रीमरला डंबेलच्या आकाराचे शिशाचे दोन डोळे बांधले. दोरी ओढली की सोंग वर उसळते, सैल सोडली की नाक खाली करून बुडते. शिवाय या वजनाने गळाचे टोक वरच्या बाजूला राहते, त्यामुळे तळाच्या दगडात अडकत नाही. साधी युक्ती, पण ती सुचायला माशाची चाल निरखावी लागते.

इथवर कौतुक झाले. आता हिशेब. १९७३ साली धंदेवाईक कोळ्यांनी पट्टेरी बास सुमारे दीड कोटी पौंड पकडला होता. १९८३ साली तो आकडा सुमारे पस्तीस लाख पौंडांवर आला. मासा संपत चालला होता. १९८५ साली मेरीलँडने त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. ती १९९० पर्यंत चालली. कोळ्यांना झळ बसली, पण मासा सावरला आणि १९९५ साली तो पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण २०१९ साली पुन्हा जाहीर करावे लागले की या माशाचा साठा मर्यादेखाली गेला आहे.

यात हौशी लोकांचा वाटा किती? तुम्ही म्हणाल, ते तर मासा सोडून देतात! खरे आहे. शंभरातले नव्वदच्या आसपास मासे ते सोडतात. पण शास्त्रज्ञ हिशेबात असे धरतात की सोडलेल्या शंभर माशांपैकी नऊ पुढे दगावतात. हा सगळ्या तऱ्हेच्या गळांचा सरासरी आकडा आहे. आता पाटीवर गणित मांडा. शंभर मासे पकडले, दहा घरी नेले, नव्वद सोडले. नव्वदाचे शेकडा नऊ म्हणजे आठ. म्हणजे खाण्यासाठी दहा मेले आणि कोणाच्याही ताटात न पडता आठ मेले!

म्हणून सोडणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. जिवंत किंवा कापलेले आमिष मासा खोल गिळतो आणि गळ आतड्यात रुततो. सोंग सहसा ओठातच अडकते, हा त्याचा मोठा गुण. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर तो झटकन निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हा थर त्याचे रोगापासून रक्षण करतो. होता होईल तो त्याला पाण्याबाहेर काढूच नये. आणि कडक उन्हाळ्यात पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो, दमलेला मासा सावरत नाही. तेव्हा काठी घरी ठेवलेली बरी.

आणखी एक. पीस तुटून पाण्यात पडले तर कुजून जाते. प्लॅस्टिकचा धागा कुजत नाही, त्याचे बारीक बारीक तुकडे होऊन पाण्यातच राहतात. कापलेले धागे काठावर टाकू नयेत, तुटलेली दोरी गुंडाळून परत न्यावी. ही गोष्ट चेसापीकला जितकी लागू, तितकीच आपल्या तळ्याकाठी जाळ्याच्या तुकड्यांनाही लागू आहे.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. लोकरीचा आणि नायलॉनचा, सारख्या वजनाचा गुंडा घ्या. दोन्ही पाण्यात बुडवा, झटका आणि पुन्हा तोला. पाणी कोण धरून ठेवते ते मुलांना दिसेल. बाजारातून आलेल्या माशाची पाठ, पोट आणि कुशीवरची ती रेषाही दाखवा. मग नव्वदाचे शेकडा नऊ काढायला सांगा, आणि ते आठ मासे वाचवायचे असतील तर काय काय करता येईल, हे मुलांनाच विचारा.